डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना साथ कशी द्यावी: रोजच्या वागण्यापासून मोठ्या निर्णयांपर्यंत

डाउन सिंड्रोम असलेली तरुणी आईबरोबर दवाखान्यात, दुकानात किंवा तिकीट खिडकीपाशी उभी असली, की समोरचा माणूस हटकून आईकडे बघून विचारतो, "हिला काय हवंय?" ती तिथंच उभी असते. तिला ऐकू येतं, प्रश्न कळतो, बऱ्याचदा उत्तरही तयार असतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आईशी बोललं की काम पटकन उरकतं, एवढंच. पण हेच दिवसातून चारदा, वर्षानुवर्षं होत राहिलं की आपण बोलायचं नसतं हे ती पक्कं शिकते. मग लोकच म्हणतात, पोरगी फारशी बोलत नाही.

साथ द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा देणगी असते, एखादा कार्यक्रम असतो किंवा २१ मार्चची, म्हणजे जागतिक डाउन सिंड्रोम दिनाची, पोस्ट असते. तेही करावं, त्याविषयी पुढे लिहिलं आहे. पण माझं मत विचाराल तर या माणसांच्या वाट्याला सगळ्यात कमी येतो तो वेळ: उत्तर द्यायला, करून बघायला, ठरवायला लागणारा वेळ. खालचे बरेचसे सल्ले फिरून तिथंच येतात.

आधी एवढं माहीत असू द्या

आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असते. साधारण ९५ टक्के व्यक्तींमध्ये ती प्रत्येक पेशीत सुटी असते; त्याला ट्रायसोमी २१ म्हणतात. थोड्या जणांमध्ये ती दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेली असते, तर काहींमध्ये फक्त काही पेशींतच आढळते. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार जगभरात दर १००० ते ११०० जन्मांमागे एका बाळाला डाउन सिंड्रोम असतो.

हा संसर्ग नाही, आणि गरोदरपणात कुणी काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे होत नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं, पण तरुण आयांच्या पोटीही अशी मुलं जन्मतात. घराण्यातून येण्याचं प्रमाण अगदी थोडं, तेही गुणसूत्र चिकटलेल्या प्रकारातल्या काही कुटुंबांत. तेव्हा 'कुणाच्या बाजूनं आलं' ही चर्चा कानावर पडली तर ती तिथल्या तिथे थांबवणं हीसुद्धा साथच आहे.

ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये या स्थितीचं वर्णन केलं, त्यांच्यावरून हे नाव आलं. कारण सापडायला मात्र १९५९ साल उजाडलं. फ्रान्समध्ये जेरोम लजून, मार्त गोतिए आणि रेमाँ त्युर्पां यांच्या कामातून जास्तीच्या गुणसूत्राचा उलगडा झाला. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं, आता ते साठीच्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, मुलांना संस्थांमध्ये टाकून देणं कमी झालं, त्याचा हा परिणाम. म्हणजे आपण ज्यांना 'ती मुलं' म्हणतो त्यांतले पुष्कळ जण प्रत्यक्षात तिशी-पन्नाशीतले आहेत.

बोलण्या-लिहिण्यात 'डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती' म्हणावं. 'ग्रस्त', 'पीडित', 'रुग्ण' हे शब्द नकोत. 'मंगोल' हा जुना शब्द तर मंगोलियानं हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं १९६५ मध्येच टाकून दिला. सगळ्यात सोपं म्हणजे नाव माहीत असेल तर नावानं बोलावं.

बोलायचं कसं

डाउन सिंड्रोममध्ये समजण्याची क्षमता बहुधा बोलण्याच्या बरीच पुढे असते. तोंडाचे स्नायू सैल असतात, त्यामुळे उच्चार अस्पष्ट होतात. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येण्याचा त्रासही फार जणांना असतो. ऐकलेलं वाक्य डोक्यात धरून ठेवणं जड जातं, पण डोळ्यांनी पाहिलेलं छान लक्षात राहतं. एवढं ध्यानात घेतलं की पुढच्या गोष्टी का करायच्या ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्या व्यक्तीसमोर या, चेहरा दिसू द्या आणि तिच्याशीच बोला. आवाज चढवू नका, बोबडंही बोलू नका. अडतीस वर्षांच्या माणसाला "काय रे बाळा" म्हणणारे अनोळखी लोक मी नेहमी बघतो. त्याच वयाच्या दुसऱ्या कुणालाही तुम्ही अहो-जाहो केलं असतं ना? मग यांनाही करा. ते स्वतः म्हणाले की अरे म्हणा, तर म्हणा.

एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे लिहायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात तिसऱ्या आकड्याला जीव कासावीस होतो आणि आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो. गंमत अशी, की त्यानं मदत होत नाही. समोरच्याचं उत्तर जुळत आलेलं असतं, तेवढ्यात नवं वाक्य येऊन आदळतं आणि त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पुन्हा विचारायचंच असेल तर तेच शब्द, त्याच क्रमानं वापरा.

बुटांच्या दुकानात एका विक्रेत्यानं हे इतकं सहज केलं होतं, की प्रशिक्षणात दाखवावं. समोर विशीतला मुलगा, शेजारी आई. विक्रेता खाली बसला, काळा आणि निळा असे दोन बूट पुढे ठेवले आणि मुलाला विचारलं, "कोणता?" मुलगा बघत राहिला. आईनं तोंड उघडलं, पण विक्रेत्याची नजर मुलावरून हलली नाही, तेव्हा तीही गप्प बसली. मुलानं दोन्ही पायांत घालून पाहिले. मग निळ्याच्या टोकावर अंगठा दाबला आणि म्हणाला, "हा टोचतो." प्रश्न रंगाचा होता, उत्तर मापाचं आलं, आणि खरेदीच्या दृष्टीनं तेच जास्त उपयोगी होतं.

काही कळलं नाही तर कळल्यासारखी मान हलवू नका. ते लगेच ओळखू येतं आणि लागतंही. "पहिला भाग कळला, तुम्ही काल बाहेर गेलात. कुठे, ते नाही समजलं. दाखवता का?" असं म्हणा. फोनमधला फोटो, खूण, कागदावरचं चित्र, काहीही चालतं. सोबतच्या माणसाला विचारायचंच असेल तर आधी परवानगी घ्या: "ताईंना विचारू का?"

आणखी एक सापळा सांगतो. 'हो ना?' अशा प्रश्नाला बरेच जण हो म्हणून टाकतात, कारण हो म्हटलं की समोरचा खूश होतो. दोन पर्याय दिले तर शेवटी ऐकलेला निवडला जाण्याची शक्यता असते. महत्त्वाचं काही विचारायचं असेल, म्हणजे दुखतंय का, जायचंय का, कुणी त्रास दिला का, तर पर्यायांचा क्रम उलटून थोड्या वेळानं पुन्हा विचारा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते धरून चाला.

हाताला काम देताना

जॅकेटची चेन लावायला एखादीला वेळ लागतोय हे दिसलं की आपला हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्या आणि विचारा, "मदत हवी का?" नको म्हणाली तर विषय संपला.

शिकवायचंच असेल तर शेवटाकडून शिकवा. खालचं टोक अडकवणं हे चेनमधलं सगळ्यात अवघड काम, आणि आपण सुरुवातच तिथून करतो. त्याऐवजी टोक तुम्ही अडकवा, चेन छातीपर्यंत ओढा आणि वरची शेवटची चार बोटं तिला ओढू द्या. काम तिच्या हातून पूर्ण झालं. ते जमलं की पोटापासून ओढू द्या, मग खालपासून, आणि टोक अडकवणं सगळ्यात शेवटी. चेनच्या कडीत एक मोठी रिंग घातली तर सैल पकडीच्या बोटांना धरायला सोपं जातं. दात घासणं, अंथरूण घालणं, वॉशिंग मशीन लावणं, बसनं प्रवास करणं, हे सगळं असंच तुकडे पाडून शिकवता येतं.

अडल्यावर मदत द्यायची तीही पायरीपायरीनं. आधी नुसतं थांबा, मग बोटानं दाखवा, मग शब्दात सांगा, आणि हाताला हात लावणं अगदी शेवटी. लावायचाच असेल तर सांगून लावा. रोज घाईच्या वेळी हे जमणार नाही, ते ठीक आहे. "आज उशीर झालाय, आज मी लावते, उद्या तू" असं स्पष्ट म्हटलं तरी पुरे. न बोलता ओढून घेतलेली चेन मात्र लक्षात राहते.

ओळखीत नवं बाळ आलं असेल तर

अभिनंदन करा. बाळाचं नाव विचारा, कुणासारखं दिसतं ते बोला, मांडीवर घ्या. निदान कळल्यानंतरच्या आठवड्यांत आईवडिलांना भेटणारा जो तो पडेल चेहऱ्यानं येतो. तुम्ही आणखी एक भर घालू नका. "देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो" हे वाक्य सांत्वनासाठी म्हटलं जातं, पण ऐकणारीला ते अनेकदा जबाबदारीचं ओझं वाटतं. आई रडली तर रडू द्या. त्या वेळी माहिती देऊ नका आणि जिद्दीच्या कहाण्याही सांगू नका.

"काही लागलं तर सांग" यापेक्षा नेमकं काही सुचवा. मंगळवारी मोठ्याला शाळेतून मी आणते. तपासणीला गाडी घेऊन येतो. डॉक्टर बोलतील ते मी लिहून घेते. ही शेवटची मदत फार मोलाची, कारण पहिल्या काही महिन्यांत तपासण्या खूप असतात आणि थकलेल्या डोक्यात काहीच राहत नाही. जवळपास निम्म्या बाळांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणून ठोके ऐकायला ठीक वाटले तरी हृदयाची इकोकार्डिओग्राफी करायची असते. त्याशिवाय कान, डोळे, थायरॉइड यांच्या तपासण्या. स्नायू सैल असल्यामुळे अंगावर पिणं सुरुवातीला हळू होतं, पण योग्य मदत मिळाली तर पुष्कळ बाळं छान पितात. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. ही मुलं साधारण दोन वर्षांच्या आसपास चालायला लागतात, काही चौथ्या वर्षापर्यंतही वेळ घेतात, दर भेटीत "अजून चालत नाही का?" विचारू नका.

आणि कृपा करून 'यानं बरा होतो' असे संदेश पुढे ढकलू नका. जीवनसत्त्वांचे जंगी डोस असोत, स्टेम सेलची जाहिरात असो किंवा कुणाचं खास चूर्ण, जास्तीचं गुणसूत्र कशानंही निघून जात नाही. आशेपोटी कुटुंबं यात भरपूर पैसे घालवतात, आणि थेरपीचा वेळ जातो तो वेगळाच.

घरातल्या मोठ्या भावंडाला कधीतरी एकट्याला बाहेर न्या. सगळे त्याला बाळाबद्दल विचारतात. तुम्ही त्याच्याबद्दल विचारा.

शाळेत

शिक्षकांसाठी मुख्य सूत्र एकच: सांगण्याबरोबर दाखवा. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावा, सूचना एकेक करून द्या, मुलाला फळ्याजवळ आणि तुमच्या समोर बसवा. वाचन ही या मुलांची ताकद ठरू शकते. अख्खा शब्द चित्रासारखा ओळखण्यापासून सुरुवात केली तर बरीच मुलं वाचायला शिकतात, आणि छापील शब्द बघून त्यांचं बोलणंही सुधारतं. गणित बहुधा जड जातं. वस्तू हातात देऊन, छोट्या आकड्यांवर जास्त काळ थांबून चाला. अक्षर काढताना हात लवकर दुखतो, तेव्हा उत्तर जोडी लावून, टाइप करून किंवा तोंडी दिलं तरी मान्य करा.

काम टाळण्यासाठी विनोद करणं, जमिनीवर बसकण मारणं हे दिसलं की 'हट्टी' हा शिक्का लगेच बसतो. आधी तपासा: सूचना लांबलचक होती का, वर्गात गोंगाट होता का, काम फार सोपं होतं का? हो, फार सोपं. दहा वर्षांच्या मुलीला चार वर्षांच्या मुलांचे रंगकाम दिलं तर तीही कंटाळणारच.

सोबतीला मदतनीस असेल तर तिनं मुलाला चिकटून बसू नये. मधे मोठं माणूस असलं की बाकीची मुलं जवळ येत नाहीत. पालकांच्या हातात असलेली गोष्ट तर अगदी साधी आहे: वाढदिवसाला बोलवा. वर्गातल्या सगळ्यांना बोलावलं आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीला 'तिला जमणार नाही' म्हणून वगळलं, हे त्या घरात कायम लक्षात राहतं. जमेल की नाही ते तिच्या आईला विचारा: "आवाज जास्त असेल, थोडा वेळ आली तरी चालेल का?" तुमच्या मुलानं काही विचारलं तर गप्प करू नका. "तिला बोलायला जरा वेळ लागतो, तू थांब" एवढं उत्तर लहान मुलाला पुरतं.

वयात येताना आणि नंतर

ही माणसं कायम निरागस, सदा हसरी, प्रेमळ असतात ही समजूत कौतुकाची वाटते, पण तिनं नुकसान होतं. त्यांना राग येतो, कंटाळा येतो, प्रेमात पडावंसं वाटतं, एकटं राहावंसं वाटतं. सतत हसतमुख असण्याची अपेक्षा ठेवली की उदासीही कुणाच्या लक्षात येत नाही.

मिठीच्या बाबतीत विशेष जपा. सोळा वर्षांचा मुलगा अनोळखी बाईला मिठी मारायला गेला तर लोक "असू दे, गोड आहे" म्हणतात. त्याच्या भल्यासाठी तुम्ही हात पुढे करा आणि म्हणा, "आपण हात मिळवू." बौद्धिक अक्षमता असलेल्यांचं लैंगिक शोषण होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि आपल्या शरीरावर आपला हक्क आहे हे ज्याला कधी शिकवलंच नाही त्याला नकार देणं कसं जमणार? अवयवांची खरी नावं, खासगी जागा कोणत्या, कुणाला कधी नाही म्हणायचं, मासिक पाळी, संमती, हे सगळं चित्रांच्या मदतीनं, पुन्हा पुन्हा, वयात येण्याआधी शिकवावं लागतं. आपणही दार वाजवून आत जायचं, कपडे बदलताना पाठ फिरवायची. नातेवाइकांनी पापी मागितली आणि ती नको म्हणाली, तर तिचा नकार हसण्यावारी नेऊ नका.

मैत्रीसाठी मोठे बेत लागत नाहीत. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन, सोबत सामना बघणं, पोहायला जाणं. ठरलेलं मात्र पाळा. पुढच्या शनिवारचं आश्वासन देऊन विसरणारे खूप असतात, आणि इकडे शनिवारी कुणीतरी तयार होऊन दाराशी बसलेलं असतं.

तब्येत: सगळं सिंड्रोमच्या माथी मारू नका

वागण्यात अचानक बदल झाला, की 'डाउन सिंड्रोममुळे असेल' असं म्हणून डॉक्टरसुद्धा कधीकधी पुढे तपासत नाहीत. सोबत जाणाऱ्यानं इथं ठाम राहायला हवं. पूर्वी बोलणारी व्यक्ती गप्प झाली, सुस्तावली, चिडू लागली, तर थायरॉइड कमी पडत असेल, कानात मळ किंवा पाणी असेल, दात दुखत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, नैराश्य असेल, घरातलं कुणी गेलं असेल. झोपेतला श्वासरोध यांच्यात फारच जास्त आढळतो; घोरणं, बसल्या बसल्या झोपणं, मान मागे टाकून किंवा बसून झोपणं ही चिन्हं डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुखणं शब्दांत सांगता येत नसेल तर ते वागण्यातून दिसतं.

चाल अचानक बदलली, हात-पाय कमजोर झाले, मान दुखू लागली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर ताबडतोब दाखवा. मानेच्या वरच्या मणक्यांमधला सैलपणा हे कारण असू शकतं. थायरॉइडची रक्ततपासणी दर वर्षी, ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी नियमित, हे आयुष्यभर चालू ठेवायचं. चाळिशीनंतर विसरभोळेपणाकडे लक्ष द्या. अल्झायमरशी संबंधित एक जनुक २१व्या गुणसूत्रावरच असतं, त्यामुळे हा आजार यांना लवकर गाठतो. पण थायरॉइड, श्रवण, झोप आणि नैराश्य तपासल्याशिवाय तो शिक्का मारू देऊ नका.

दवाखान्यात काय होणार आहे ते आधी फोटो दाखवून सांगा. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर खुर्ची थोडी मागे घ्या आणि म्हणा, "त्यांनाच विचारा, लागलं तर मी सांगेन."

नोकरी

तुमच्या हातात माणसं घेण्याचा अधिकार असेल, तर साथ देण्याची याहून मोठी संधी क्वचित मिळते. मुलाखतीत तोंडी प्रश्नांची सरबत्ती करू नका, दोन-तीन दिवस काम करून बघू द्या. कामाचे टप्पे फोटोंसह भिंतीवर लावा. अडलं तर विचारायला एक ठरावीक सहकारी ठेवा. सुरुवातीला प्रशिक्षक सोबत असेल तर त्यानं हळूहळू मागे सरकत जायचं. वेळापत्रकात, जागेत किंवा साहेबात बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. पगार त्या कामाचा जो असेल तोच. मानधन आणि शाल देऊन फोटो काढणं म्हणजे नोकरी नव्हे. चुकलं तर चुकलं म्हणून सांगा, बढतीची इच्छा असेल तर तीही ऐका.

पाब्लो पिनेदा या स्पॅनिश गृहस्थांनी विद्यापीठाची पदवी मिळवली. अमेरिकेच्या ख्रिस निकिकनं नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लोरिडात पोहणं, सायकल आणि धावणं अशी पूर्ण आयर्नमॅन स्पर्धा पार केली. ती पूर्ण करणारा डाउन सिंड्रोम असलेला तो पहिला. स्पेनच्या मार गाल्सेरान २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक संसदेत पोचल्या. ही उदाहरणं जरूर सांगा, पण ती मोजपट्टी म्हणून वापरू नका. दुसऱ्याच्या लेकीला आयर्नमॅनचा व्हिडिओ पाठवून "बघ, जमतं की" म्हणणं हा निव्वळ जाच आहे.

निर्णय कुणाचे

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातलं १२वं कलम सांगतं, की कायद्यापुढे त्यांचं स्थान इतरांइतकंच आहे आणि निर्णय घ्यायला लागणारा आधार त्यांना मिळाला पाहिजे. व्यवहारात याचा अर्थ त्यांच्या वतीनं परस्पर ठरवून मोकळं न होणं, ठरवायला मदत करणं. कसं करायचं ते थोडक्यात:

१. पर्याय कागदावर मांडा, शक्यतो चित्रांसह. दोन किंवा तीनच.
२. प्रत्येकाचं चांगलं-वाईट एकेका छोट्या वाक्यात सांगा. तुमची पसंती आवाजातून कळू देऊ नका. ती लगेच ओळखली जाते.
३. शक्य असेल तिथे प्रत्यक्ष नेऊन दाखवा. वसतिगृह, क्लास, कामाची जागा बघितल्याशिवाय उत्तर मागण्यात अर्थ नाही.
४. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.
५. परवडणारी चूक होत असेल तर होऊ द्या. भडक शर्ट, कंटाळवाणा क्लास, एका दिवसात संपलेला खर्चाचा पैसा, यातून आपण सगळेच शिकलो.

२१ मार्च आणि मोबाइल

तीन प्रती आणि २१वं गुणसूत्र, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं डिसेंबर २०११ मध्ये ठराव केला आणि २०१२ पासून हा जागतिक दिवस पाळला जातो. त्या दिवशी दोन वेगवेगळे मोजे घालतात, कारण गुणसूत्रांचा आकार मोज्यांच्या जोडीसारखा दिसतो. मोजे घाला, मजा येते. कुणी विचारलं तर सांगता येईल इतकं मात्र वाचून ठेवा.

कार्यक्रम करत असाल तर माइक कुणाच्या हातात आहे ते बघा. मंचावर पाहुणे आणि तज्ज्ञ, आणि डाउन सिंड्रोम असलेले फक्त नाच करून खाली, असं होत असेल तर कार्यक्रमाची आखणी बदला. भाषण लांबलचक नको. तीन वाक्यं, चित्रांसह कागद हातात, आधी सराव, आणि अडखळल्यावर टाळ्या वाजवून थांबवायचं नाही. देणगी देण्याआधी संस्थेला विचारा, की तुमच्या समितीवर डाउन सिंड्रोम असलेलं कुणी आहे का.

फोटो टाकण्याआधी त्या व्यक्तीला दाखवा, कुठे टाकणार ते सांगा, नको म्हटलं तर टाकू नका. गटात कुणी टिंगल केली तर लांब भाषण देऊ नका. "हा विनोद नको, माझ्या ओळखीत आहेत" एवढं बास. बहुतेक वेळा गट गप्प होतो.

आईवडील थकतात तेव्हा

पन्नाशीतला मुलगा आणि ऐंशीतली आई अशी जोडी आता दुर्मिळ नाही. तुम्ही शेजारी, भाचा, सून, जुने मित्र कुणीही असाल, तर ठरलेल्या दिवशी दोन तास मुलासोबत घालवून आईला मोकळं करणं हीच मोठी मदत. "पुढे याचं कसं व्हायचं" हा प्रश्न त्याच्या देखत विचारू नका. त्यालाही कळतं, आणि रात्री झोप त्याचीही उडते. हा विषय काढायचा तर त्याला सोबत घेऊन, घाई नसताना, आणि कुठे व कुणाबरोबर राहायला आवडेल या प्रश्नापासून.

एक काम आजच करता येईल: त्याच्याविषयीचं एक पान लिहून ठेवणं. काय म्हणून हाक मारलेली आवडते, औषधं आणि वेळा, डॉक्टर, ॲलर्जी, दुखत असेल तर कसा वागतो, काय स्वतः करतो, कशात मदत लागते, कशाची भीती वाटते. आई अचानक दवाखान्यात भरती झाली तर पहिल्या रात्री हेच पान उपयोगी पडतं. वर तारीख घाला, औषध बदललं की पान बदला, एक प्रत भावंडाकडे आणि एक कामाच्या ठिकाणी ठेवा. लिहिताना त्याला शेजारी बसवून प्रत्येक ओळ विचारा. 'राग आल्यावर काय केलं की बरं वाटतं' याचं त्यानं दिलेलं उत्तर आईच्या उत्तराहून वेगळं निघालं, तर पानावर त्याचं लिहा.